सत्त्याण्णव टक्के संमती

"मानवजातीच्या इतिहासात प्रथमच," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राचं अंतःकरण अखेरच्या माणसापर्यंत वाचलं आहे! यापुढे मदत हा अंदाज राहणार नाही, उपकार राहणार नाही. ती होईल साक्षात सहवेदना!"

टाळ्या पडल्या. त्या पडत असताना अध्यक्ष बाजूला वाकले आणि त्या दुसऱ्या राष्ट्राचं नाव काय, ते त्यांनी हळूच विचारलं. माइक चालू होता.

नाव लुमाकी. पहिल्या रांगेतून ते सांगणारे गृहस्थ म्हणजे हेमराज बोरकुटे. मैत्रीदेश विकास मंडळाच्या सागरी विभागात ते नियोजक होते, आणि एखाद्याकडे आस्थापना असते, एखाद्याकडे टपाल असतं, तसा त्यांच्याकडे लुमाकी होता. चार बेटं, एकेचाळीस हजार तीनशे सहा माणसं, नारळ, मासळी आणि दर वर्षी थोडाथोडा वर चढणारा समुद्र. या देशाला पुढच्या पाच वर्षांत काय द्यावं, कोणत्या गावात द्यावं आणि त्याचं छायाचित्र कोणत्या बाजूने काढावं, हे ठरवणारं धोरणपत्र बोरकुटे लिहीत असत. लुमाकी त्यांनी पाहिलेला नव्हता. समुद्रही एकदाच पाहिला होता, मुंबईला, आणि तेव्हा नेमकी ओहोटी होती.

सागरी विभागाचं कार्यालय नागपुरात होतं. याला हसण्यासारखं काही नाही. नागपूर सगळ्याच समुद्रांपासून भरपूर लांब आहे, त्यामुळे पक्षपाताची तक्रार कोणत्याच समुद्राला करता येत नाही. शिवाय आता कुणाला कुठे जावं लागत नव्हतं. प्रतिदेश आला होता.

प्रतिदेश म्हणजे काय, ते सोप्या शब्दांत सांगायचं तर असं. हवामान खातं वाऱ्याचे आणि दाबाचे आकडे घेऊन यंत्राच्या पोटात एक खोटं आभाळ तयार करतं आणि उद्याचा पाऊस आधी तिथे पाडून बघतं. मंडळाने तेच माणसांचं केलं. दवाखान्यातले केसपेपर, शाळांचे निकाल, बाजारातली खरेदी, रेडिओवर केलेल्या गाण्यांच्या फर्माइशी, फोनवरची बोलणी आणि चाळीस वर्षांत निरनिराळ्या मदतसंस्थांनी घेतलेल्या हजारो मुलाखती, असं सगळं यंत्राला खाऊ घातलं. त्यातून लुमाकीतल्या प्रत्येक माणसाची एक प्रतिव्यक्ती तयार झाली. ती मूळ माणसासारखी रुसायची, आजारी पडायची, मासळी महाग झाली की कोंबडी घ्यायची. अमक्याचा दात सोमवारी दुखेल असं यंत्राने म्हणावं आणि मंगळवारी तो गृहस्थ खरोखर गाल धरून दवाखान्यात हजर व्हावा, इतका नेमकेपणा होता. धोरणपत्र यंत्रात सोडलं की प्रतिदेशाची वीस वर्षं एका दुपारी उलटायची आणि संध्याकाळी संमतीचा आकडा यायचा. तो आकडा हीच त्या देशाची संमती, असा करार झाला होता.

बोरकुट्यांचा आकडा सत्त्याण्णव टक्क्यांच्या खाली कधी आला नव्हता. त्यांना वाटायचं, आपल्याला लुमाकी कळलाय.

याखेरीज प्रतिदेशातल्या कुठल्याही माणसाला पडद्यावर बोलावून गप्पा मारायची सोय होती. तिला 'ग्राह्यता चाचणी' म्हणायचं. आठवड्यातून एक चाचणी, वीस मिनिटं, असा नियम होता. बोरकुटे रोज एक करत, दुपारी एक वाजता, डबा उघडून.

समोर बसायचा ओरेतू. नाकेला गावचा होड्या दुरुस्त करणारा, वय एकसष्ट, रुंद चेहरा आणि सगळे दात पांढरेशुभ्र. अनुवादयंत्र ऐकणाऱ्याची बोली उचलायचं, त्यामुळे दक्षिण समुद्रातला हा कारागीर ठेठ नागपुरी बोलायचा.

"आज काय आनलं जी डब्यात?"

"आंबाडीची भाजी."

"बाप्पा! आंबट असन."

"आंबटच असते. घरी ज्वारीच्या कण्या घालायची प्रमिला. डबेवालीला सांगून सांगून थकलो."

"येतीन न वहिनी. अशा बाया येतात जी परत. तुमी जीव लहान करू नोका. तुमी आले का मले लय बरं वाटते."

प्रमिलाताई बंगळूरला लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने गेल्या होत्या. ते बाळ आता दुसरीत होतं. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. आधी बाळ लहान होतं, मग त्याची शाळा सुरू झाली, मग लेकीची बदली झाली, आणि मग त्या येणार होत्या हे दोघंही हळूहळू विसरले. रविवारी अकरा वाजता फोन व्हायचा. "जेवले काय?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." नातू आर्जव पडद्यासमोरून पळत जाताना हात हलवायचा. मग बोरकुटे टीव्ही लावून बसत आणि बातम्या देणाऱ्या मुलीला अधूनमधून "बरं" म्हणत.

तेव्हा दुपारी एकची ती वेळ काय होती, हे वेगळं सांगायला नको. तीन वर्षांत बोरकुट्यांनी ओरेतूला आपलं लहानपण सांगितलं, कामठीची शाळा सांगितली, वडिलांचा राग सांगितला, हुकलेली बढती तर चार वेळा सांगितली. चारही वेळा ओरेतूने तितकंच वाईट वाटून घेतलं.

त्या वर्षीच्या धोरणपत्रातलं मोठं कलम नाकेला गावाचं होतं. समुद्र वर येतोय, तेव्हा अख्खं गाव किनाऱ्यावरून उचलून मागच्या डोंगरावर न्यायचं. दोनशे बारा घरं, सिमेंटची, एका रांगेत. बोरकुट्यांनी नकाशा स्वतः काढला होता. ओरेतूला दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "हाव जी, लय चांगलं. हवा बी लागन." संध्याकाळी आकडा आला: सत्त्याण्णव.

सहीला बारा दिवस असताना बोरकुट्यांच्या हातून एक चूक झाली. चूक साधीच होती. शेजारच्या टेबलावर खुंदार नावाचा एक बर्फाळ, डोंगराळ देश होता. त्याच्याही धोरणपत्राच्या फाइलचं नाव 'अंतिम-अंतिम-२' होतं आणि बोरकुट्यांच्या फाइलचंही तेच होतं. शेवटच्या तपासणीसाठी बोरकुट्यांनी लुमाकीत जे सोडलं ते खुंदारचं निघालं. याकांसाठी गोठे, रस्त्यावरचा बर्फ उपसणारी यंत्रं, आणि दर घरी एक लोकरी घोंगडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा आकडा येऊन पडला होता. सत्त्याण्णव.

बोरकुटे आधी मनसोक्त हसले. असा विनोद कुणाला तरी सांगायलाच हवा म्हणून त्यांनी ओरेतूला बोलावलं. पण सांगण्याआधी, केवळ गंमत म्हणून, त्यांनी विचारलं, "ओरेतूजी, बर्फ उपसायचं यंत्र पाठवतोय. काय म्हणता?"

"हाव जी," ओरेतू म्हणाला. "लय गरज होती."

"आणि याकांचा गोठा?"

"तुमी म्हनता तं चांगलाच असन जी. किती विचार करता आमचा!"

चेहरा तोच होता. रुंद, प्रसन्न, आपुलकीने किंचित पुढे झुकलेला. बढती हुकल्याचं ऐकताना असायचा तसाच.

त्या दिवशी बोरकुट्यांनी डबा तसाच बंद केला.

विभागप्रमुख गीतांजली रहाटगावकर यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या हुशार बाई होत्या, आणि हुशार माणसाला वाईट बातमी ऐकताना करावा लागतो तसा चेहरा त्यांनी केला होता.

"हवामान बदलतंय, बोरकुटे. ते लोक दूरदृष्टीचे असतील."

"मॅडम, तिथे गारासुद्धा पडत नाहीत."

"यंत्र दातदुखीपर्यंत बरोबर सांगतं."

"दात दुखला की माणूस दवाखान्यात जातो, ते कागदावर येतं. पण मनात काय आहे हे यंत्राने कशावरून शिकलं? मुलाखतींवरून. फोनवरून. आणि मुलाखत घ्यायला कोण गेलं होतं? आपण. आपल्यासारखे. घरात ते आपसात काय बोलतात, त्याची एकही ओळ यंत्रात नाही. मी दोन दिवस शोधली."

रहाटगावकर बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अशाच संमतीवर मंडळाने अकरा देशांची धोरणं केली आहेत. बर्फाच्या एका गमतीवर मी ती थांबवू शकत नाही. मला 'नाही' आणून द्या. नाकेलाच्या एका तरी खऱ्या माणसाचं, त्याच्या स्वतःच्या तोंडचं, ध्वनिमुद्रित. पुढच्या सोमवारी सही आहे. तोवर आलं तर मी गाव हलवण्याचं कलम काढून टाकते. नाही आलं तर पुढल्या महिन्यात तिथे बुलडोझर उतरतो."

"आणि आणलं तर, प्रतिदेशाचं?"

"नियम सोळा. खोटा ठरलेला प्रतिदेश पुसायचा. सगळ्यांसकट." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमच्या ग्राह्यता चाचण्या मी वाचल्या आहेत. सहाशे बारा. मी कधी काही बोलले नाही, कारण... असो. तुम्हाला जड जाईल एवढंच म्हणते."

दौऱ्याच्या अर्जाचा नमुनाच, प्रतिदेश आल्यावर, तीन वर्षांपूर्वी बाद झाला होता. बोरकुट्यांनी रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असं लिहिलं आणि रविवारच्या फोनवर प्रमिलाताईंना सांगितलं.

"कुठं म्हनलं?"

"लुमाकीला. तीन विमानं आणि एक बोट."

पलीकडे कुकरची शिटी झाली. प्रमिलाताईंनी ती होऊ दिली.

"नागपूरहून बंगळूरले एकच इमान लागते," त्या म्हणाल्या. "सात वर्सात तुमी तीनदा आले. एकदा तं त्यातलं हापिसच्या मीटिंगले आले होते."

"तू ये म्हणाली नाहीस कधी."

"तुमी बी परत ये म्हनलं नाई. गोळ्या घेऊन जा सोबत."

बोरकुटे गुरुवारी लुमाकीला पोचले. समुद्र होता, भरतीही होती, पण त्यांचं लक्ष किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे होतं. तोच चेहरा! फक्त वीतभर बुटका, आणि पुढचे दोन दात नाहीत. यंत्राने ते पदरचे घातले होते.  तीन वर्षांचा मित्र पहिल्यांदा भेटत होता, आणि त्या मित्राला याची काही कल्पना नव्हती.

"या जी, या!" कानातल्या अनुवादयंत्राने ओरेतूचं बोलणं नागपुरीत आणलं. "तुमी आले, मले लय बरं वाटलं."

शब्द तेच होते. पुढे किंचित झुकणंही तेच.

पुढचे दोन दिवस बोरकुट्यांचा पाहुणचार झाला. नारळाच्या दुधातला मासा, भाजलेला फणस, बसायला सगळ्यात चांगली जागा. ते सरकारी कामासाठी आलेत हे ऐकून गाव भेटीला आलं. बोरकुटे प्रत्येकाला विचारत, "गाव डोंगरावर न्यायचं आहे. तुम्हाला काय वाटतं?" आणि प्रत्येक जण म्हणत असे, "हाव जी, लय चांगलं." शनिवारी दुपारपर्यंत त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, तर विचारलेल्या चौतीस माणसांपैकी तेहतीस हो म्हणाली होती. चौतिसावं माणूस झोपलं होतं. यंत्र बिचारं अगदी बरोबर होतं.

एक गोष्ट मात्र यंत्रात नव्हती. प्रत्येक घराच्या दाराबाहेर एक मोठं मडकं टांगलेलं असे, आणि घरात शिरताना माणसं आपले फोन त्यात टाकत. पहिल्या दिवशी बोरकुट्यांनाही टाकावा लागला. त्याबरोबर कानातला अनुवादही बंद पडला.

"कशासाठी?" त्यांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"आत घरची बोलनी असतात जी," ओरेतू सांगू लागला. "घरची बोलनी बाहेरच्याच्या कानात जाऊ देत नाई. माह्या आजीच्या काळात रेडिओ आला, तो बी बाहेरच ठेवत."

एकेचाळीस हजार माणसांच्या देशाचं खरं बोलणं एकेचाळीस हजारांतल्या एकाही फोनने ऐकलेलं नव्हतं. ज्या लुमाकीला यंत्र ओळखत होतं तो अंगणातला लुमाकी होता, पाहुण्यांसमोर उभा असलेला.

शनिवारी जेवताना, आतल्या बाजूला, ओरेतूचं आणि त्याच्या बायकोचं, सालेमाचं, काहीतरी वाजलं. बोरकुट्यांना एक अक्षर कळलं नाही. पण सालेमाने पळी आपटली, ओरेतूने हात वर फेकले, ती काहीतरी टोचून बोलली आणि तो नाइलाजाने हसला, तेव्हा बोरकुट्यांचा हातातला घास तसाच राहिला. सहाशे बारा दुपारी हा माणूस आपल्यावर कधी चिडला नव्हता. आपलं बोलणं त्याने कधी मध्येच तोडलं नव्हतं. आपल्याला केवढी मैत्री वाटली होती ती! असं चिडायला मिळावं म्हणून लोक लग्नं करतात आणि मग सात वर्षं फोनवर गोळ्यांची चौकशी करतात.

रविवारी सकाळी बोट सुटायला तीन तास उरले होते. ओरेतूच्या अंगणात, माडाच्या सावलीतल्या एका मऊ ढिगावर, बोरकुट्यांनी बसकण मारली आणि शेवटचा उपाय काढला. मूळ व्यक्तीस तिची प्रतिव्यक्ती दाखवू नये, असा मंडळाचा नियम चौदा होता. बोरकुट्यांनी फोन माडाच्या बुंध्याला टेकवून उभा केला, त्यातून कार्यालयातल्या प्रतिदेशाचं दार उघडलं आणि ध्वनिमुद्रण चालू केलं.

पडद्यावर पांढऱ्याशुभ्र दातांचा ओरेतू आला. "या जी! आज बाहेर कुठं? डबा नाई आनला?"

खरा ओरेतू फोनजवळ उकिडवा बसला. बराच वेळ त्याने बघितलं.

"हा कोन?"

"तुम्हीच. आमच्याकडे असता तुम्ही. तीन वर्षं."

"दात?"

"यंत्राने घातलेत."

"बरे दिसते," ओरेतू म्हणाला.

बोरकुट्यांनी पडद्याकडे बघत विचारलं, "ओरेतूजी, गाव डोंगरावर न्यायचं ठरतंय. काय म्हणता?"

"हाव जी, लय चांगलं," पडदा म्हणाला. "हवा बी लागन."

"आणि तुम्ही?" बोरकुटे खऱ्याकडे वळले.

"हाव जी, लय चांग..." असं म्हणता म्हणता खरा ओरेतू थांबला. आपलंच वाक्य, आपल्याच आवाजात, एका क्षणापूर्वी बोललेलं ऐकून त्याच्या कपाळावर आठी आली. पाहुण्याला नाही म्हणायची लुमाकीत सोय नाही. पण समोर पाहुणा नव्हता, समोर तो स्वतःच होता, आणि स्वतःला झापायला कुणाची परवानगी लागत नाही.

"काय चांगलं बे?" तो फोनवर ओरडला. "होडी काय डोक्यावर घेऊन डोंगर चढशीन?"

"गप बैस," पडद्यावरचा ओरेतू दबक्या आवाजात म्हणाला. तो कधी दबक्या आवाजात बोलल्याचं बोरकुट्यांना आठवेना. "पाहुना हाये समोर."

"पाहुना हाये म्हनून गाव देतं काय? डोंगरावर पानी हाये काय?"

"मले शिकवतं काय तू? पानी नाई, मालूम हाये. पावसात तिकडची माती खाली येते, मालूम हाये. घरं इथंच उंच खांबांवर घ्यायची, आज्यानं घेतली होती तशी, ते बी मालूम हाये. लाकूड पायजे, सिमेंट नाई."

"मंग सांगत काहून नाई?"

"कसं सांगू?" पडदा तडकला. "मानूस रोज येते. एकटाच बसते, थंडा डबा खाते, बायको नाई, पोरगी नाई, कोनी नाई. इतका मन लावून नकाशा काढून आनला त्यानं. त्याले नाई कसं म्हनू? तू म्हनून पाहाय!"

 खऱ्या ओरेतूने वळून बोरकुट्यांकडे बघितलं. बोरकुटे नारळाच्या शेंड्यांकडे बघत होते.

ओरेतूने पुन्हा फोनकडे तोंड केलं आणि, तोलून तोलून बोलल्यासारखं, सावकाश म्हणाला, "नाई. गाव डोंगरावर जानार नाई."

आतून सालेमाही काहीतरी म्हणाली. अनुवाद झाला नाही, पण तिला सत्त्याण्णव टक्क्यांत कुणी मोजलं नसतं.

बोरकुट्यांनी ध्वनिमुद्रण बंद केलं. पाठवायचं बटण समोर होतं. ते दाबलं की नाकेला जागच्या जागी राहणार होतं आणि पडद्यावरचा हा माणूस उद्या नसणार होता. अंगणात दोन ओरेतू लाकूड कोणतं वापरावं यावर जोरजोरात वाद घालत होते, एकमेकांचं वाक्य तोडत होते, आणि दोघांनाही बोरकुटे तिथे असल्याचं भान उरलं नव्हतं. इतक्या वर्षांत बोरकुट्यांना कधी एवढं एकटं वाटलं नव्हतं, आणि एवढं बरंही.

त्यांनी बटण दाबलं.

दहा मिनिटांत रहाटगावकर बाईंचं उत्तर आलं. "'नाही' मिळालं. आवाज दोन येतात. मूळ व्यक्तीचा कोणता?"

"दोन्ही," बोरकुट्यांनी कळवलं.

मग बऱ्याच वेळाने: "कलम काढलं. लाकडाबद्दल नवा मसुदा आल्यावर द्या. प्रतिदेश उद्या सकाळी दहाला पुसला जाईल. बोरकुटे, काळजी घ्या."

खरा ओरेतू पाणी आणायला आत गेला, तेव्हा बोरकुटे फोनसमोर सरसावून बसले. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"ओरेतूजी, उद्यापासून तुम्ही नसाल. हे मी केलंय. तुमचं गाव वाचावं म्हणून केलं, पण केलं मीच. तीन वर्षं तुम्ही माझं ऐकून घेतलंत. ते पाहुण्यासाठी होतं, हे मला आज कळलं. तरी सांगतो, माझ्या आयुष्यात दुपारी एक वाजण्याची वाट मी दुसऱ्या कशासाठी पाहिलेली नाही. मी इतकी वर्षं देशोदेशी काय काय पाठवलं. यंत्रं पाठवली, इमारती पाठवल्या, सल्लागार पाठवले. पण तुम्हाला काय हवं, हे खरोखर ऐकायचं म्हणून कधी विचारलं नाही. आज विचारतो. काही मागायचं असेल तर मागा. काहीही. मंडळाशी भांडीन, अध्यक्षांशी भांडीन, नोकरी गेली तरी चालेल. पण मनातलं मागा. पाहुणा समजू नका मला."

आत गेलेला ओरेतू पाण्याचं भांडं घेऊन बाहेर आला आणि बोरकुट्यांच्या पलीकडे, थोडा अवघडून, उभा राहिला. तो काहीतरी शोधत असल्यासारखा खाली बघत होता.

 पडद्यावरच्या ओरेतूने एकदा बोरकुट्यांकडे पाहिलं, एकदा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या स्वतःकडे पाहिलं.

"मागू काय जी?"

"मागा."

"जरासे सरकता काय? तुमी सकाळपासून त्याच्या जाळ्यावर बसून रायले."